देहाची फडफड



गेली तीन वर्षे माझ्या अंगातले मांस उडते आहे. सुरुवात डाव्या पोटरीपासून झाली. आश्विनातली रात्र होती, बांध्यांत धान निसवले होते, आणि मी पडवीत खाटेवर पडलो होतो. कातडीखाली काहीतरी टपटप उडू लागले, जणू बेडकाचे पिल्लू आत अडकले आहे. हात ठेवला की थांबे, हात काढला की पुन्हा सुरू. दुखत नव्हते, खाजत नव्हते. दमणूक असेल म्हणून कूस बदलली. पण पंधरा दिवसांत ती फडफड उजव्या मांडीत आली, मग दंडात, मग डोळ्याच्या पापणीत. एका रात्री जिभेच्या कडेलाही काही हलल्यासारखे वाटले. त्या रात्री उठून बसलो तो काकड आरतीच्या वेळेपर्यंत तसाच.

हे गाऱ्हाणे या मासिकात कशाला, असे एखाद्या माउलीच्या मनात येईल. मी पन्नास वर्षे कीर्तन केले. १९६८ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत गेलो. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या त्या संस्थेत चार वर्षे माधुकरी मागून गाथा, ज्ञानेश्वरी, विचारसागर शिकलो आणि परत या झाडीत आलो. सिंदेवाही, मूल, सावली, चामोर्शी, आरमोरी, जिथे सप्ताह तिथे मी. देह नाशिवंत आहे, त्याचा मोह धरू नये, हे किती गावांत किती वेळा सांगितले त्याची गणती नाही. आणि तोच मी मध्यरात्री बॅटरीचा उजेड पोटरीवर धरून ती मिनिटाला किती वेळा उडते ते मोजत बसलो होतो. श्रोत्यांपुढे जे सांगितले त्याची परीक्षा अशी झाली, आणि त्या परीक्षेत माझे काय झाले ते लपवून ठेवले तर बाकीचे लिहिणे खोटे ठरेल.

अंग उडणे ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, डावा लवला तर अशुभ, बायकांचे उलटे. सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतामाईचे डावे अंग स्फुरते आणि थोड्याच वेळात हनुमंत रामाचा निरोप घेऊन पुढे येतो. कालिदासाचा दुष्यंत कण्वाच्या आश्रमात शिरतो तेव्हा त्याचा उजवा बाहू स्फुरतो. मी स्वतः हे दाखले कीर्तनात रंगवून सांगितलेले. वैद्यांकडे गेले तर ते वाताकडे बोट दाखवतात. आणि आपल्या संप्रदायात तर अंगाच्या कंपाला मानाचे स्थान आहे. अष्टसात्त्विक भावांत रोमांच, घाम, अश्रू, कंठ दाटणे यांच्या बरोबरीने कंप येतो. नामाच्या भरात भक्ताचा देह थरथरतो ते कीर्तनात उभे करताना मी खरोखरच थरथरून दाखवीत असे, आणि बायाबापड्या डोळ्यांना पदर लावीत. आता देह आपला आपण थरथरत होता आणि भावाचा पत्ता नव्हता. होती ती निव्वळ भीती.

ती भीती कुठून आली ते आता सांगतो.

माझ्याबरोबर सव्वीस वर्षे मृदंगाला एक गृहस्थ होते. नाव देत नाही, त्यांच्या घरच्यांना आवडणार नाही. वैनगंगेच्या काठचे, पाच एकर धानाचे शेतकरी. शाळा चौथीपर्यंत, पण हाताला असा ताल की चालीचा चढ माझ्या मनात येण्याआधी त्यांच्या बोटांत येई. धुमेला कणीक लावताना ते कोणाशी बोलत नसत. कार्तिकातल्या एका सप्ताहात त्यांचा डावा हात मागे पडू लागला. पहिल्या दिवशी मी रागावलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात दाखवला. अंगठा आणि पहिले बोट यांच्या मधली मांसाची गादी उतरून तिथे खळगा पडला होता, आणि दंडाचे मांस कातडीखाली लाटा उठाव्यात तसे उडत होते. मी हसून म्हणालो, "कीर्तन संपले तरी तुमच्या हातातला ताल संपत नाही." सगळे टाळकरी हसले. तेही हसले.

तो मोटर न्यूरॉनचा रोग होता. नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितले तेव्हा आमच्या गावात कोणाला काही बोध झाला नाही. लकवा आमच्या लोकांना ठाऊक आहे. शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा पक्षाघात हेच सर्वांत मोठे कारण निघाले होते. पण लकवा एका घडीत येतो. हा रोग पावलापावलाने येतो. फ्रान्समधल्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६९ च्या सुमारास तो वेगळा ओळखला. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्याच मरत जातात. हात जातो, पाय जातो, जीभ जड होते, गिळणे जाते, शेवटी श्वास. स्पर्श कळतो आणि बहुतेकांची बुद्धी शेवटपर्यंत जागी असते. रिलुझोल नावाचे औषध १९९५ पासून आहे, ते रोगाची चाल थोडी मंद करते, थांबवीत नाही. आमचे मृदंगाचार्य दोन वर्षांत गेले. शेवटी त्यांना 'विठ्ठल' म्हणता येत नव्हते, 'ठ' उमटत नसे, असे मी ऐकले.

ऐकले म्हणतो, कारण मी पाहिले नाही. शेवटचे सहा महिने मी त्यांच्या घरी गेलोच नाही. आधी सप्ताहाची निमित्ते सांगितली, मग पावसाची, मग नदीच्या पुराची. खरे कारण हे की त्यांच्याकडे पाहणे मला सोसवेना. ते गेले त्यानंतर चार महिन्यांनी माझी पोटरी उडू लागली.

त्यानंतरचे वर्ष कसे गेले ते थोडक्यात लिहितो, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. सकाळी उठलो की आधी टाचांवर चालून पाहायचे, मग चवड्यांवर. पाण्याने भरलेला तांब्या डाव्या हाताने उचलून धरायचा. दोन्ही पोटऱ्यांना सुतळी गुंडाळून माप घ्यायचे आणि सुतळीला गाठ मारायची. अंगठ्याजवळची गादी आरशात पाहायची. आणि सगळ्यांत वाईट हे की संध्याकाळी हरिपाठ म्हणताना माझे लक्ष जिभेकडे असे. 'ळ' नीट आला का, 'ठ' घसरला का. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून पाठ केलेला हरिपाठ मी जीभ तपासायचे यंत्र करून टाकला होता. घरात कोणाला हे ठाऊक नव्हते. मंडळी फक्त विचारीत, "अहो, आज इतक्या हळू का म्हणता?"

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी ज्ञानी माणसाची लक्षणे सांगितली आहेत. म्हातारपण आणि रोग येण्याआधीच त्यांचा दोष डोळ्यांपुढे आणणारा माणूस तिथे आहे. अंग थकेल, इंद्रिये साथ सोडतील, हे तो तरुणपणीच पाहून ठेवतो. मी स्वतःची समजूत घालू लागलो की मीही तेच तर करतो आहे. पण हा मोठा खोटेपणा होता. तो ज्ञानी देहाचे भवितव्य पाहून देहाची ओढ कमी करतो. मी रोज सुतळीने मोजून ती वाढवीत होतो.

कीर्तन मी याच काळात सोडले. लोकांना सांगितले की गुडघे गेले. गुडघे खरे तर ठीक होते. उभा असताना पाय दगा देईल आणि वीणेकऱ्याच्या अंगावर पडेन, ही भीती होती. त्याहून मोठी ही की बोलता बोलता जीभ अडेल आणि श्रोत्यांना ते माझ्या आधी कळेल.

कारणे शोधण्यातही फार भटकलो. पहिला संशय लाखोळीवर गेला. आमच्या झाडीत धानाच्या ओलीवर लाखोळी टाकतात. तिच्या डाळीचे वडे आणि वरण आम्ही लहानपणापासून खात आलो. ती फार खाल्ली तर पाय जातात हे जुने लोक सांगत, आणि ते खरे आहे. त्या डाळीतल्या एका विषारी द्रव्याने पाय कायमचे ताठतात, माणूस कात्रीसारखी पावले टाकत काठीवर चालतो. दुष्काळात महिनोन् महिने तीच खाऊन राहिलेल्यांना हे झाले. रेवा भागात शेतमजुरांना मजुरीच लाखोळीत मिळे, तिथे फार झाले. १९६१ साली सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. मी घरातली डाळ उकिरड्यावर टाकली. मंडळींनी तीन दिवस अबोला धरला, आणि त्यांचे बरोबरच होते. पुढे डॉक्टरांनी सांगितले की लाखोळीने पाय ताठतात, आणि माझ्या पायांत ताठरपणा मुळीच नाही. डाळ भिजवून, उकळून, पाणी फेकून खायची आमची जुनी रीतही बरीच शहाणपणाची निघाली, कारण ते द्रव्य पाण्यात उतरते.

मग नातवाने मोबाईलवर पाहून धीर देण्यासाठी स्टीफन हॉकिंग यांची गोष्ट सांगितली. १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना हा रोग सांगितला, डॉक्टरांनी दोन वर्षे दिली, आणि ते २०१८ पर्यंत जगले, जगाला विश्वाची उत्पत्ती समजावून सांगत राहिले. पोराचा हेतू चांगला होता. मला मात्र रात्रभर ती चाकांची खुर्ची आणि यंत्राचा आवाज दिसत-ऐकू येत राहिला. बरे करायला येणाऱ्यांनी बातम्या जरा बेताने द्याव्यात, एवढेच म्हणतो.

एका मोठ्या खाजगी दवाखान्यात डोक्याचे आणि मानेचे फोटो काढले, बिल केले, मणक्याची झीज आहे म्हणून सुया टोचल्या. माझा पाय उघडा करून कोणी पाहिला नाही. शेवटी मुलाने नागपूरच्या एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पहाटेची एसटी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूर. सगळ्या वाटेत मी डावा तळवा मांडीवर ठेवून अंगठा आत-बाहेर करीत होतो.

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी धोतर सोडायला लावले आणि पाऊण तास एकेक स्नायू दाबून, ढकलून पाहिला. गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर काडी ओढली. जीभ बाहेर न काढता तोंडातच सैल ठेवायला सांगून बॅटरीने पाहिली. हात न टेकता खाली बसून उठायला लावले. मग सुईची तपासणी. तिला ईएमजी म्हणतात. बारीक सुई स्नायूत घालतात आणि यंत्राच्या कर्ण्यातून स्नायूचा आवाज ऐकू येतो. माउली, जन्मभर मी वीणा, टाळ, मृदंग ऐकले, पण स्वतःच्या मांसाचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पाय ताणा म्हटले की कवेलूंवर पाऊस पडावा तसा सडा, सैल सोडा म्हटले की शांत. मधूनच एखादा 'टप'. तो टप माझ्या ओळखीचा होता.

डॉक्टर म्हणाले, "काकाजी, मांस उडते यात वाद नाही, मीही ऐकले. पण नस मेल्याची खूण कुठेच नाही. ताकद पुरी आहे, मांस उतरलेले नाही."

मग त्यांनी समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. कण्यातली एक पेशी म्हणजे एक वीणेकरी, तिच्या हाताखाली शेकडो टाळकरी, म्हणजे स्नायूचे तंतू. एखादा वीणेकरी कोणी न सांगता मध्येच झंकारतो आणि त्याचे टाळकरी एकदम वाजतात, तीच ही फडफड. रोगात वीणेकरी मरतो, टाळकरी पोरके होतात, शेजारचा त्यांना सांभाळू पाहतो, मग तोही मरतो. निरोगी माणसात वीणेकरी जिवंतच असतो, फक्त उतावळा. चहा फार, झोप कमी, अंगमेहनत, काही औषधे, काळजी, याने तो अधिक उतावळा होतो. आणि कित्येकदा काहीच कारण सापडत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशीच नुसती फडफड असलेल्या १२१ माणसांवर कित्येक वर्षे नजर ठेवली आणि १९९३ साली लिहिले की त्यातल्या एकालाही तो रोग झाला नाही. खरा रोगी बहुधा फडफडीची तक्रार घेऊन येतच नाही. सदऱ्याचे बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, बोलणे घसरते, म्हणून येतो. "उडणे मोजू नका," ते म्हणाले, "काल होत होते ते काम आज होते का, एवढे पाहा. आणि ते काम रोज तपासायचे नाही, करायचे. नेमून दिलेल्या तारखेला या, तेव्हा मी तपासीन."

मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्या जवळच्या कोणाला हा रोग झाला होता का?"

मी नाही म्हणणार होतो. घशातून आवाज निघेना. एका क्षणी वाटले की झाले, जीभ गेली. पण ते रडू होते. त्यांच्यापुढे, मुलापुढे, धोतराचा सोगा तोंडाला लावून मी रडलो आणि मृदंगाचार्यांचे सगळे सांगितले. हसण्याचे सांगितले, न जाण्याचेही सांगितले. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले नाही, याबद्दल त्यांचे उपकार आहेत.

तपासणी निर्दोष आली म्हणून भीती गेली असे वाचकांनी समजू नये. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मनाने वकिली सुरू केली, की सुई चुकीच्या जागी घातली असेल, फार लवकर तपासले असेल. सहा महिन्यांनी पुन्हा नागपूर, तेच उत्तर. वर्षाने पुन्हा, तेच. डॉक्टर 'शंभर टक्के' हा शब्द वापरीत नाहीत. त्याचा मला आधी राग येई, आता ते मला सरळ वाटते. सुतळी मात्र मी चुलीत टाकली. चहा दोन कपांवर आणला. पोटरी उडतच राहिली.

याच काळात बाबा आमट्यांची एक गोष्ट मनात घर करून बसली. ती आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलीच, वरोऱ्याची, म्हणून लहानपणापासून ऐकलेली. भर पावसात गटारापाशी पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी त्यांना दिसला. हाताची बोटे झडलेली, अंगात किडे. ज्यांनी मैला डोक्यावर वाहून पाहिला होता ते बाबा भीतीने पळाले. मग परत आले आणि त्याची सेवा केली. पुढे आनंदवन उभे राहिले, तिथे विनोबा आले, ते सगळे सगळ्यांना ठाऊक आहे. मी हा प्रसंग कीर्तनात घेई तेव्हा परत येण्यावरच बोलत असे, कारण तिथे टाळी मिळते. पळण्यावर कधी बोललो नाही. एकदा आनंदवनात त्यांना मी पाहिलेही होते. पाठीच्या दुखण्याने त्यांना बसताच येत नसे, उभे राहायचे नाही तर आडवे पडायचे. आडवे पडूनच ते कोणा पाहुण्यांना झाडांची नावे सांगत होते. त्यांनी स्वतःच्या पाठीबद्दल काही म्हटल्याचे मला आठवत नाही.

गेल्या माघात मी वैनगंगेकाठच्या त्या गावी गेलो. मार्कंड्याची जत्रा जवळ आली होती, एसटीत गर्दी होती. अंगणात बाई लाखोळीच्या घुगऱ्या निवडत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला. "या जी महाराज, बसा," म्हणाल्या. इतक्या वर्षांनी कसे, असा शब्द नाही. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "वहिनी, मी आलो नाही तेव्हा. मला भ्या वाटले."

त्या सुपातल्या दाण्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाट पाहत होते जी ते तुमची. बोलता येत नव्हते, तर तुमच्या कीर्तनाची कॅसेट लावा म्हणून डोळ्यांनी खुणावीत. तुम्हाला भ्या वाटत असेल असे मला वाटलेच होते. त्यांना नाही सांगितले मी. काम आहे महाराजांना, असे सांगत होती."

मी खाली बसलो. पोटरी उडत होती, धोतराच्या आत, चांगली जोरात. वहिनींनी काळा चहा दिला. तो दिवसाचा तिसरा कप होता, तरी घेतला.

आत कोणीतरी मृदंगावर हात मारीत होते. नातू होता, दहा वर्षांचा असेल. वादी सैल पडलेली, धुमेला कणीक नाही, नुसता कोरडा थपथप आवाज. मी त्याला हाक मारली आणि म्हणालो, "आजीला विचारून मूठभर कणीक आण रे, आणि वाटीत थोडे पाणी." तो पळत चुलीकडे गेला. वादी ताणायला मी मृदंग मांडीवर घेतला.